घामाचं वजन

रोज पावणेचारशे किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी निघालो तिथेच उतरायचं, अशी नोकरी फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्याच्या वाट्याला ती सव्वीस वर्षं आली.

मोटरसायकलच्या कारखान्यात तो रायडर होता. शर्यतीतला नव्हे; शर्यतीतल्याला निदान पहिलं येण्याची आशा असते. नवीन मॉडेल बाजारात जाण्याआधी ते दामटून दामटून चालवायचं आणि कुठे काय मोडतं ते बघायचं, एवढंच त्याचं काम. कारखान्याच्या मागे तीन किलोमीटरचा ट्रॅक होता. त्यात एक चढ, एक उतार, हाडं खिळखिळी करणारा दगडी पट्टा, पाण्याने भरलेला एक खळगा आणि दोन लांबलचक वळणं. दिवसाला सव्वाशे फेऱ्या. दर पंचवीस फेऱ्यांनी थांबायचं आणि कागदावर लिहायचं: ब्रेक कसा, आवाज कसा, हाताला थरथर किती. सव्वीस वर्षांच्या अंतरात पृथ्वीला सत्तर वेळा वळसा घालून झाला असता. त्याने पाहिली ती कुंपणाची जाळी आणि जाळीपलीकडचं एक बंद पडलेलं गोदाम. "घाण्याचा बैल बरा," तो म्हणायचा. "त्याच्या डोळ्यांवर झापड तरी असते. त्याला वाटतं, आपण कुठेतरी चाललोय."

पूर्वी हे तो हसत म्हणायचा. अलीकडे वाक्य तेवढं राहिलं होतं, हसणं कधी गळून पडलं ते त्यालाही कळलं नव्हतं.

ट्रॅकवर सगळे त्याला मीटर म्हणत. काट्याकडे न बघता तो वेग सांगायचा, आणि इंजिनातला नट सैल व्हायच्या आधीच त्याच्या तळव्यांना कळायचं. "गाडीचं मीटर खोटं बोलेल, आपला मीटर नाही बोलणार," असं सुपरवायझर पाहुण्यांना सांगायचा. कौतुकाचंही ओझं असतं, पण ते उतरवून कुठे ठेवायचं हे कुणी सांगत नाही.

घरी बायको होती. लेक लग्न होऊन लांब गेली होती आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर भेटायची. बायकोने पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेलं शिवणं. पंचवीस वर्षांत तिच्या बोटांना असं वळण लागलं होतं की समोरचा माणूस बोलत असला तरी ती त्याच्या कॉलरची शिवण चाचपत असायची. कापडाबद्दल तिची मतं पक्की होती, आणि सगळ्यात पक्कं मत एकच: अंगाला लागणारं कापड सुतीच पाहिजे. बाकी सगळी नाटकं.

तर आता मीटरच्या पोशाखाबद्दल. ट्रॅकवर जाताना चामड्याचा एकसंध सूट घालावा लागे. खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर पॅड, पाठीला कासवासारखी ढाल, वर हेल्मेट, हातमोजे, पोटऱ्यांपर्यंतचे बूट. सगळं मिळून अकरा किलो. फाटकावरचा पहारेकरी एकेक पॅड ठोकून बघितल्याशिवाय आत सोडत नसे. पण सुटाच्या आत काय घालायचं याबद्दल कारखान्याच्या जाडजूड नियमावलीत एक ओळही नव्हती. आतलं ज्याचं त्याने बघावं. मीटर आत बायकोने शिवलेलं बाह्यांचं सुती बनियन घालायचा, आणि घाम येतो म्हणून त्याच्यावर आणखी एक.

त्या उन्हाळ्यात मात्र कारखान्याला आतल्याचीही आठवण झाली. त्याचं कारण असं झालं की एक धडधाकट रायडर वळणावर गाडीसकट आडवा झाला. घसरला नव्हता. उकाड्याने चक्कर येऊन पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं. मग साहेब लोकांची मीटिंग झाली आणि नवा नियम आला. पाळीच्या आधी आणि नंतर प्रत्येक रायडरने दवाखान्यात यायचं, अंग टॉवेलने कोरडं करून, फक्त चड्डीवर, वजनकाट्यावर उभं राहायचं. मध्ये प्यायलेलं पाणी धरून वजन दीड किलोपेक्षा जास्त उतरलं, तर सिस्टर रजिस्टरात लाल शाईने लिहिणार. एका उन्हाळ्यात तीन लाल, की ट्रॅक कायमचा बंद. मग सुट्या भागांच्या भांडारात खुर्चीवर बसून खोकी मोजायची.

त्या भांडाराला रायडर लोक 'पांजरपोळ' म्हणत, म्हाताऱ्या जनावरांचा गोठा. तिथे गेलेला माणूस चार दिवसांत डबा खाताना वेगळ्या टेबलावर बसू लागायचा. कुणी हाकलायचं नाही. त्याचा तोच उठून जायचा.

मीटरला पहिला लाल आठव्या दिवशी मिळाला. एक किलो नऊशे. सिस्टरने लाल पेन उघडलं आणि अपराध्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. आज ऊनच तसं आहे."

त्याने मान डोलावली. चेहरा पाडायला हवा म्हणून पाडला. पण आत काय झालं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, पायांतले बूट कुणीतरी काढून घ्यावेत तसं मोकळं वाटलं. आणखी दोन लाल, बस्स, असं कुणीतरी त्याच्या आत मोजायला लागलं. तो इतका दचकला की चड्डीवरच दवाखान्याबाहेर पडायला निघाला. सिस्टरने हाक मारून पँट हातात दिली.

तो दमला होता. साधी गोष्ट आहे, पण त्याला ती कुणाला सांगता येत नव्हती. पहाटे मनगटं बधिर असायची, शर्टाचं बटण लागायला तीन प्रयत्न लागायचे. कानात सतत एक बारीक घरघर असायची. घरातून मोरीकडे वळताना तो नकळत डावीकडे कलायचा आणि बायको हसायची. हे सगळं त्याने सोसलं असतं. सोसवत नव्हती ती वेगळीच गोष्ट होती.

या लाल शाईच्या तीन आठवडे आधी त्याने एक गाडी दिवसभर चालवली होती आणि पाचही वेळा कागदावर 'ठीक' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या एका रायडरने घेतली आणि दुसऱ्याच फेरीत परत आणली. पाण्याच्या खळग्यातून बाहेर आलं की पुढचा ब्रेक किर्र करत होता आणि एक क्षण उशिरा धरत होता. सुपरवायझर म्हणाला, "आजच सुरू झालं असणार. काल मीटरने ठीक लिहिलंय ना." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटरने आदला दिवस आठवून बघितला. ब्रेक आठवेना. आवाज आठवेना. सव्वाशे फेऱ्यांपैकी एकही आठवेना. तो दिवसभर त्या गाडीवर बसला होता, पण तिथे नव्हता. ती गाडी उद्या कुणाच्या तरी दारात जाणार होती, तिच्यावर कुणाचं तरी लेकरू मागे बसणार होतं, आणि खाली मीटरची सही होती.

त्या दिवसापासून त्याला ट्रॅकची भीती नव्हे, स्वतःच्या सहीची भीती वाटायला लागली. पण हे बोलायचं कुणाजवळ? त्यानेच कधीतरी, तिशीत, बायकोसमोर छाती काढून म्हटलं होतं, "ज्या दिवशी ट्रॅक सुटेल त्या दिवशी मी संपलो म्हणून समज." जवानीत माणूस काय वाटेल ते बोलतो. बायका ते जपून ठेवतात.

पहिल्या लालबरोबर सिस्टरने एक छापील चिठ्ठी दिली होती: 'आतील कपड्यांबाबत योग्य ती काळजी घ्यावी.' बायकोने ती वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आतील कपडे? म्हणजे माझ्यावर बोट!"

"अगं, छापील आहे ते. सगळ्यांना देतात."

"सगळ्यांची बनियनं मी शिवते का? आणा ते इकडे."

स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा होता. तिने त्या दिवशीची दोन्ही बनियनं, अजून ओली, त्यावर ठेवली. मग कपाटातली कोरडी जोडी ठेवली. वजाबाकी केली, आणि परत एकदा केली. साडेचारशे ग्रॅम पाणी सुती कापडाने पिऊन धरून ठेवलं होतं.

"अहो, हे तर भिजलेलं घोंगडं पांघरून बसलात तुम्ही दिवसभर! घाम वाळतच नाही. वाळला नाही तर अंग गार कसं होणार? आणि गार होत नाही म्हणून आणखी घाम येतो." ती काट्याकडे बघत म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि मी वर दुसरं घालायला देत होते. सव्वीस वर्षं."

पक्कं मत मोडताना माणसाला जे होतं ते तिला झालं. त्या दिवशी तिने शिलाई यंत्राला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून कामाला लागली. दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यातून तिने पाच जातींच्या पट्ट्या काढल्या: सुती, चकचकीत अस्तराची, बारीक लोकरीची, आणि खेळाच्या टी-शर्टांच्या दोन, एक गुळगुळीत आणि एक बारीक जाळीची. प्रत्येकीचं टोक निळीच्या पाण्यात बुडवून दोरीवर लटकवलं आणि घड्याळ घेऊन समोर बसली. पाणी किती वर चढतं, किती पसरतं, किती वेळात वाळतं. अस्तराची पट्टी पाणी प्यायलाच तयार नव्हती. सुती पट्टी सगळं प्यायली आणि तशीच ओली राहिली. लोकरीने तिला चकित केलं. ओली असून हाताला ओली लागेना. जाळीच्या कापडावर पाणी झरझर पसरलं आणि सगळ्यात आधी वाळलं.

मीटर दारात उभा राहून हे बघत होता. एखादीने नवऱ्याला वाचवायचं ठरवलं आणि नवऱ्याला वाचायचंच नसलं, तर त्याने कुठे बघायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो चहा करायला आत गेला.

सुट्टीच्या दिवशी ती त्याला खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने लांब बाह्यांचे अंगाबरोबरचे शर्ट काचेवर मांडले आणि प्रत्येकाचे गुण गायला सुरुवात केली. ती त्याचं काही ऐकत नव्हती. प्रत्येक शर्ट उलटा करून तिने तोंडाला लावला आणि फुंकर मारून बघितली. दुकानदाराचा आवाज हळूहळू बसत गेला.

"बाई, तोंडाला काय लावताय?"

"माझा श्वास पलीकडे जात नसेल, तर यांचा घाम कसा जाईल?" तिने पुढचा उचलला. "आणि ही खांद्यावरची शिवण जाड आहे. वर पॅड येतं. दिवसभरात कातडं सोलून निघेल. सपाट शिवणीचा दाखवा."

शेवटी एक पसंत पडला. जाळीच्या विणीचा, राखाडी, शिवण सपाट, मनगटापर्यंत बाही. बाही लांब हवीच. नाहीतर सुटाचं अस्तर उघड्या दंडाला चिकटतं आणि काढताना दोन माणसं लागतात. तिने नेहमीपेक्षा एक माप लहान घेतला.

"हा चढणार तरी आहे का?" मीटर म्हणाला. "सापाची कात दिसतेय."

"अंगाला टेकला तरच घाम उचलेल. सैल राहिला तर मध्ये हवा आणि घाम, दोघं गप्पा मारत बसतील."

दुकानदार हसला. मीटरही हसला. एवढ्या उत्साहात त्याने तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

शर्टाने काम केलं. सुटाच्या छातीवरच्या चेनी उघड्या ठेवल्या की वारा आत शिरायचा आणि उतारावर पाठीवरून गारवा सरकत जायचा. पहिल्या दिवशी एक किलो दोनशे. दुसऱ्या दिवशी तेवढंच. सिस्टरने निळ्या शाईने लिहिलं आणि अंगठा वर करून दाखवला. बायको रोज संध्याकाळी शर्ट काट्यावर ठेवून त्यातलं पाणी मोजायची: चाळीस ग्रॅम, पंचेचाळीस ग्रॅम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे चढत गेले.

आणि मग चौथ्या दिवशी आक्रीत झालं. दुपारपासूनच अंग चिकचिकायला लागलं. शर्ट पाठीला प्लास्टिकसारखा चिकटला. घाम कापडात न शिरता त्याच्या खालून ओघळून बुटांत साठत होता. काट्यावर एक किलो आठशे. दुसरा लाल.

सिस्टरने त्याने काढून ठेवलेला शर्ट उचलला आणि नाकाजवळ नेला. "काका, वास किती छान येतोय! कपडे मऊ करायचं सुवासिक पाणी घातलं का यात?"

"घरी घालते ती. काय माहीत."

"मग त्यानेच झालं. आमच्या दवाखान्यातल्या टॉवेलांचं हेच झालं होतं. त्याचा थर बसतो, मग कापड पाणी उचलतच नाही. काकूंना सांगा, नुसत्या पाण्यात चार-पाचदा धुवा म्हणावं. होईल ठीक."

मीटरने शर्ट घडी करून पिशवीत घातला. बायकोने तो मऊ केला होता कारण खांद्याला कुठे टोचू नये. हे त्याला सांगायला कुणी नको होतं. आणि तरीही, फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं की घरी काही सांगायचं नाही. पडत्या फळाची आज्ञा. आणखी एक लाल आला की सुटका. आणि ती कुणी मागितलेली नसेल, कुणी भित्रा म्हणणार नाही, बायकोला वाटेल बिचाऱ्याचं अंगच साथ देईना. स्वतःच्या चतुरपणाची त्याला रस्ताभर किळस येत राहिली, पण निश्चय काही हलला नाही.

"दुसरा?" बायकोने दारातच विचारलं.

"दुसरा."

"पण शर्ट तर..." तिने तो काट्यावर ठेवला. पंधरा ग्रॅम. तिला काही समजेना. शर्टाने घाम घेतलाच नव्हता. तिने फुंकर मारून पाहिली, उजेडात धरून पाहिला, शिवणी ओढून पाहिल्या. "माझंच चुकलं. कापड ओळखता आलं नाही मला. चार दिवसांत वीण बसली वाटतं. नाकाने कांदे सोलत होते दुकानात!"

"जाऊ दे गं. शर्टच तो."

"शर्टच कसा? आता एकच राहिला ना!"

पुढचे तीन दिवस नशिबाने आभाळ भरून होतं आणि वजन दीडच्या आत राहिलं. पण ती काही स्वस्थ बसली नाही. बारीक लोकरीचं कापड कुठूनसं मिळवलं आणि गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून नवीन शर्ट बेतायला घेतला. सपाट शिवण घरच्या यंत्रावर जमेना. घातली, उसवली, परत घातली. तिसऱ्या दिवशी मीटर कामावरून आला तेव्हा ती यंत्रावर डोकं टेकून झोपली होती. एक हात शिवणीवर तसाच होता. अंगठ्याला सुई लागून रक्त सुकलं होतं आणि लोकरीवर त्याचा डाग पडू नये म्हणून तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती.

तो तिथेच स्टुलावर बसला. दिवसभर दुसऱ्याच्या गाडीवर 'ठीक' लिहिणारा माणूस आता घरीही गप्प राहून तेच करत होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अगं, ऊठ," तो म्हणाला. "कापडाचा दोष नव्हता. त्यात तू ते वासाचं पाणी घातलंस, त्याने थर बसलाय. सिस्टरने सांगितलं. नुसत्या पाण्यात धुवायचा, बस्स."

ती डोळे चोळत उठली. "कधी सांगितलं?"

"त्याच दिवशी."

"मग तुम्ही..."

"विसरलो," तो म्हणाला. ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग बादलीत कोमट पाणी काढायला गेली.

त्यानंतर त्या राखाडी शर्टाने अशी काही नोकरी बजावली की ज्याचं नाव ते. एक किलो शंभर. एक किलो. एका दिवशी तर नऊशे ग्रॅम. उन्हाळा ऐन भरात आला, बाकीच्यांच्या नावापुढे लाल शाई सांडायला लागली, आणि मीटर निळाच्या निळा. सोळाव्या दिवशी सुपरवायझर स्वतः दवाखान्यात आला. सुपरवायझर म्हणजे मीटरपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण गळ्यात ओळखपत्र असल्यामुळे मोठा.

"कमाल आहे बुवा! या वयात एक किलो! वहिनींनी काय जादू केली म्हणे. सगळ्यांना तसलेच शर्ट देऊ या, मी वर बोललोय. आणि मीटर, तुम्हाला आता पाच वर्षं मरण नाही. निवृत्तीपर्यंत ट्रॅक तुमचाच!" त्याने मीटरच्या उघड्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

पाच वर्षं. मीटर चड्डीवर काट्यावर उभा होता. अंग खरंच गार होतं. घामोळं नव्हतं, चक्कर नव्हती, तक्रारीला जागाच नव्हती. गेले सोळा दिवस त्याला उकाडा जाणवला नव्हता, आणि तरीही दुपारच्या फेऱ्या त्याला आठवत नव्हत्या. आज किती वेळा 'ठीक' लिहिलं, तेही आठवत नव्हतं.

"उतरा काका," सिस्टर म्हणाली. "झालं. एक किलो वीस."

तो उतरला नाही. "सिस्टर, मी दमलोय."

"बसा ना मग. पाणी देऊ?"

"तसं नाही. दमलोय. लिहा त्यात."

तिने रजिस्टराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला मस्करी वाटली असावी, कारण ती हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "काका, वजन अगदी बरोबर आहे. दमल्याचा रकाना नाही हो यात."

"शेऱ्याचा आहे ना?"

"आहे. पण तिथे काय लिहू मी? मला कसं मोजता येणार?" तिने पेन त्याच्यापुढे धरलं. "तुम्हीच लिहा."

त्याने पेन घेतलं. बोटं बधिर होती, अक्षर वेडंवाकडं आलं. त्याने सावकाश लिहिलं: 'चालक दमलेला आहे. ब्रेकचा आवाज त्याला ऐकू येत नाही. याने दिलेला ठीक धरू नये.' खाली सही केली आणि तारीख घातली. सिस्टरने वाचलं. टॉवेल उचलून त्याच्या खांद्यांवर टाकला.

हा शेरा साहेबापर्यंत पोचायला तासही लागला नाही. सुपरवायझर आधी चिडला, मग समजावू लागला, मग त्याला ती किर्र करणाऱ्या ब्रेकची गाडी आठवली आणि त्याचा चेहरा उतरला. त्या मॉडेलच्या ब्रेकची पहिल्यापासून तपासणी करायची ठरलं. मीटरची भांडारात बदली मंजूर झाली, दुसरा माणूस मिळेपर्यंत आणखी बारा दिवस ट्रॅक, पण कागदावर शेरा दुसऱ्याने लिहायचा. निघण्याआधी तो चहाला गेला तर टेबलावरचे दोघे-तिघे एकदम गप्प झाले. एकाने तेवढं सरकून जागा केली.

घरी आला तेव्हा बायको दुकानात कुणाची तरी पँट आखूड करत होती. नेहमीप्रमाणे तिने शर्टासाठी हात पुढे केला. त्याने शर्ट दिला नाही. समोरच्या स्टुलावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. ब्रेक, सही, पहिल्या लालाला झालेला आनंद, सुवासिक पाण्याबद्दल गप्प राहणं. मध्ये कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं.

ती ऐकत होती. पँटची शिवण तिने बोटांत धरून ठेवली होती.

"सांगायला विसरलात म्हणे," ती शेवटी म्हणाली. "मला कळलं होतं तेव्हाच. तुम्ही कधी काही विसरला नाहीत आजवर."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं, यांना माझा शर्टच आवडला नाही." तिचा आवाज चढला. "एवढे दिवस मी इथे ग्रॅम ग्रॅम मोजत बसले! अंगठा भोसकून घेतला! आणि तुम्हाला ट्रॅक नकोच होता!"

"तुला वाटलं असतं, मी संपलो."

"ट्रॅकचं कोण रडतंय हो?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा राग येत होता. "खड्ड्यात जाऊ दे तुमचा ट्रॅक. चार वर्षं झाली, तुम्ही घरी येता, जेवता आणि भिंतीकडे बघत बसता. लेकीचा फोन आला तरी 'हं' आणि 'हो'. मला वाटलं, उकाड्याने असेल. दिवसभर उकडून येतो माणूस, बोलणार कुठून? म्हटलं, अंग गार राहिलं की बोलतील माझ्याशी. म्हणून केलं सगळं."

ही गोष्ट मीटरच्या ध्यानीमनी नव्हती. तो तिच्या अंगठ्यावरच्या सुईच्या खुणेकडे बघत राहिला.

तिने नाक पुसलं, पँट बाजूला ठेवली आणि यंत्राचा दिवा मालवला. बाहेर अजून उजेड होता. दारात कुणीतरी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला तिने हातानेच उद्या या म्हणून सांगितलं.

"बारा दिवस तर शर्ट लागेलच. धुते मी मग," ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्या स्टुलाजवळ ओढून बसली. "आता बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सवयच राहिली नव्हती. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळत नव्हतं, आणि ती घाई करत नव्हती.